खाणवाला की खाणीतला?

बाबांनी नवी मुंबईत ऐरोलीला भावाच्या बाल्कनीतून पारसिकचा डोंगर पाहिला आणि पहिलं वाक्य काढलं, "याले बेंच नाही ठेवल्या."

उघड्या खाणीत पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरत कापायचं असतं, त्या पायऱ्या म्हणजे बेंच. इथे डोंगर सुरीने खरवस कापावा तसा उभा कापलेला. बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला कोळसा खाणीत मायनिंग सरदार होते, चौतीस वर्षं. शिफ्टची माणसं आत शिरायच्या आधी भुयारात जाऊन छत, हवा, गॅस तपासायचा आणि मग माणसं सोडायची, हे सरदाराचं काम. निवृत्तीला पंधरा-सोळा वर्षं झाली तरी भावाच्या नवीन फ्लॅटमध्ये शिरताना त्यांनी आधी छताकडेच पाहिलं होतं. वहिनीला वाटलं फॉल्स सीलिंग आवडलं.

सहा दिवसांच्या मुक्कामातले चार मॉल, मिनी सीशोअर, सोसायटीतलं हळदीकुंकू आणि लिफ्टची वाट बघण्यात गेले. एक दिवस मी तापाने झोपून काढला. उरलेल्या मंगळवारी बाबा हटूनच बसले, "मले तो डोंगर जवळून पाहाचा हाय." भाऊ महाप्याला आयटीत आहे, त्याने अर्धी रजा टाकली. मला खरं तर घारापुरीला जायचं होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हट्ट शोभतो, पन्नाशीतल्या बाईला शोभत नाही, म्हणून गप्प बसले.

ठिणगी पडली ती स्टेशनच्या वाटेवर. वाढदिवसाच्या शुभेच्छांचं एक होर्डिंग, मधे पुढाऱ्याचा कमरेपर्यंतचा फोटो, भोवती तीस-चाळीस शुभेच्छुकांची मुंडकी. भाऊ सहज म्हणाला, "बाबा, हे पण खाणीतूनच वर आलेत." बाबा थांबले. एवढ्या गर्दीत, दोन्ही बाजूंनी धक्के खात. "कोणत्या शिफ्टले होते?"

"शिफ्टला नाही हो. म्हणजे, त्यांच्या खाणी होत्या."

"मंग खाणीतला कायले म्हणते? खाणवाला म्हण नं."

तिथून जी वादावादी सुरू झाली ती रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्यापर्यंत चालली. भावाने फोन काढून दाखले द्यायला सुरुवात केली. अमेरिकेचे हर्बर्ट हूवर खाण अभियंते होते, ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींत आणि चीनमध्ये त्यांनी कामं केली, १९२९ साली थेट राष्ट्राध्यक्ष झाले. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला, "म्हणजे आमचा साहेब. आन् बसला त्याच वर्षी मंदी आणली." समोरच्या सीटवरचे दोन कॉलेजकुमार कानातलं काढून ऐकत होते. एकाने बाबांना खिडकी दिली. लोकलमध्ये खिडकी म्हणजे मोठीच गोष्ट, हे बाबांना अजून कळलेलं नाही.

तुर्भ्याला उतरून रिक्षा केली. ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून डोंगराकडे वळलं की शहर एकदम बदलतं. पानांवर पिठासारखी धूळ, पत्र्याची घरं, पाण्याचे निळे पिंप. खाणीच्या तोंडाशी रखवालदाराने शिट्टी मारली आणि हात आडवा केला. आत सोडणार नाही, फोटो काढणार नाही, उभं राहायचं नाही. बाबांनी आपलं जुनं ओळखपत्र दाखवलं, जे ते अजूनही पाकिटात बाळगतात. त्याने ते उलटंपालटं करून परत दिलं. मला इतकी लाज वाटली की मी रिक्षाकडे चालू लागले. हे लिहिताना त्या लाजेची लाज वाटते, पण तेव्हा तसंच झालं.

लांबून दिसलं तेवढं पाहिलं. खाली खड्ड्यात हिरवं पाणी, वर कड्याच्या अगदी काठावर एक पिंपळ, त्याची अर्धी मुळं हवेत.

परतताना चहाची टपरी लागली. टपरीच्या बाजूला गोणपाटावर बसून एक म्हातारबा पाट्याला टाकी लावत होते. पुढ्यात दोन वरवंटे, एक खलबत्ता. बाबा त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसले. मी खुर्ची पुढे केली तर हाताने बाजूला सारली.

"साहेब, पँट खराब होईल."

"साहेब नाही बापा. सरदार होतो."

म्हातारबांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. "सरदार? मग पगडी कुठंय?"

पुढचा दीड तास मी आणि भाऊ प्रेक्षक होतो. म्हातारबा सोलापूरकडचे, वडार. १९७२च्या दुष्काळात आईबापांबरोबर आले. सिडकोला दोनच वर्षं झाली होती, शहर कागदावर होतं आणि त्याची खडी या डोंगरात. सुरुंगाची भोकं हातांनी पाडायची, घणाने दगड फोडायचा, मजुरी ब्रासावर, म्हणजे खडीच्या मापावर. "ही समोरची सगळी बिल्डिंग आमच्या पाटीतनं गेलीय बघा. उलव्याचा डोंगर तर आता पार बसवला, विमान उतरायला." तक्रार नव्हती त्यात. मला तर चक्क फुशारकी ऐकू आली.

मग त्यांनी एक गंमत दाखवली. गोणपाटाखालून हाताएवढे दोन काळे दगड काढले आणि सुतकीने, म्हणजे दगडाच्या हातोडीने, दोन्हींवर एकेकदा टकटक केलं. पहिला खणखणीत वाजला. दुसरा बद्द. "ह्याच्यात आत चीर हाय. वरनं दिसत न्हाई. पाटा केला तर वरीसभरात दोन तुकडं." बाबांनी सुतकी मागून घेतली आणि डोळे मिटून स्वतः वाजवून पाहिलं. त्यांच्या खाणीत हेच काठीने चालायचं. भुयारात छताला काठी ठोकायची, खणखणीत वाजलं तर माणसं आत, पोकळ वाजलं तर बाहेर. लहानपणी ते घरातल्या मडक्यांना, टरबुजांना आणि एकदा माझ्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशी माझ्या डोक्यालाही असंच वाजवून बघत.

भावाने सकाळचा विषय काढलाच. इथे खाणीतलं कुणी निवडून आलं का हो? म्हातारबा हसले. "मीच उभा व्हतो की."

नवी मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक, १९९५. वस्तीतल्या पोरांनी भरीला घातलं, अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह म्हणून घण मागितला. यादीत घण नव्हता. शिलाई मशीन मिळालं. "आयुष्यात सुई धरली न्हाई आन् घरोघर शिलाई मशीन शिलाई मशीन करत फिरलो. बायका विचारायच्या, मशीन फुकट वाटणार का?" मतं दीडशेच्या आत, डिपॉझिट गेलं. आणि निवडून कोण आलं?

"ज्याचे डंपर व्हते त्यो."

बाबांनी भावाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पण म्हातारबा पुढे म्हणाले, "नळ त्यानंच आणला बरं का. खोटं कशाला बोलू. मी आलो असतो तर मला कोण वळखत व्हतं हाफिसात?"

टपरीवाले सावंतवाडीचे. चहा गाळता गाळता त्यांनी तोंड घातलं. "गोव्याचे भाऊसाहेब बांदोडकर कोण होते? खाणवालेच ना? पण गावागावात शाळा कोणी काढल्या?" खरंच आहे. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, १९६३ पासून १९७३ साली जाईपर्यंत, आणि खाणमालक. बहुजनांच्या पोरांना शाळेत बसवलं ते याच मालकाने. गोवा महाराष्ट्रात यावा म्हणून झटले, १९६७च्या सार्वमतात हरले, आणि लोकांनी मुख्यमंत्री पुन्हा त्यांनाच केलं. बाबा गप्प झाले. त्यांना बांदोडकर आवडतात, हे मला माहीत आहे. आमच्याकडे त्यांचं नाव "भाऊसाहेब" म्हणूनच निघतं, जणू सख्खे चुलते.

पण बाबा सहज हरणारे नव्हेत. युनियनच्या शिबिरात ऐकलेला कीर हार्डी त्यांनी बाहेर काढला. स्कॉटलंडचा पोरगा, दहाव्या वर्षी खाणीत, काम काय तर हवेसाठी भुयारातलं दार उघडायचं आणि लावायचं, दिवसभर, अंधारात. १८९२ साली तोच ब्रिटिश पार्लमेंटात गेला. बाकीचे उंच काळ्या टोप्यांत, हा साध्या कपड्यांत आणि कामगारासारख्या टोपीत. १९०७ साली हिंदुस्थानातही येऊन गेला, आणि बंगालमध्ये जे बोलला त्यावर विलायतेतली वर्तमानपत्रं पेटली.

"धाव्या वर्षी?" म्हातारबांना काही विशेष वाटलं नाही. "मी सातव्या वर्षी पाटी उचलली. दार उघडायचं काम असतं तर बरंच झालं असतं."

मग नाय बेव्हन. वेल्सचा, तेराव्या वर्षी कोळशात, वडील खाणीच्या धुळीने छाती भरून गेले. त्याच्या ट्रेडेगर गावात कामगार पगारातून वर्गणी काढायचे आणि त्यातून डॉक्टर, औषध व्हायचं. आरोग्यमंत्री झाल्यावर ५ जुलै १९४८ला त्याने तेच साऱ्या देशाला लावलं, दवाखान्यात पैसे लागणार नाहीत म्हणून. हे ऐकताना म्हातारबांची टाकी थांबली. "फुकट? समद्यांना?" त्यांनी दोनदा विचारलं. त्यांना दर थोड्या वेळाने खोकला येत होता, आणि तो कसला ते बाबांना विचारावं लागलं नाही. घुग्घुसला आमच्या चाळीत हा खोकला भिंतीपलीकडून कुणाचा ते ओळखता यायचं.

इथे भावाने उगाच घाण केली. फोनवर वाचून दाखवलं, दक्षिण आफ्रिकेचे रामाफोसा. १९८२ साली खाण कामगारांची युनियन उभी केली, १९८७चा प्रचंड संप चालवला, २०१८ साली राष्ट्राध्यक्ष. आणि मधल्या काळात? २०१२ साली मारिकानाला पोलिसांच्या गोळीबारात ३४ खाण कामगार मेले, तेव्हा हेच त्या खाणीच्या कंपनीच्या संचालक मंडळावर होते. चौकशी आयोगाने त्यांना दोषी धरलं नाही, हेही त्याने वाचलं. पण बाबांना रामाफोसांचं नाव १९८७ पासून पाठ, आणि पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी बद्द वाजलेला दगड उचलला आणि नुसता हातात धरून बसले. भावाला मी टपरीखालून पायाने ढोसलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "धनबादचे रॉयबाबू तसे नव्हते." ए. के. रॉय, कोळसा कामगारांचे पुढारी, तीनदा खासदार, खासदारकीची पेन्शनसुद्धा घेतली नाही.

"ते केमिकल इंजिनिअर होते बाबा," भाऊ म्हणाला. "खाणीतले नाहीच."

"माहीत हाय मले," बाबा म्हणाले. "तू चहा पी."

रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला होता. वेटिंगचे तीनशे वीस रुपये झाले, त्यात घारापुरीची लाँच झाली असती, हा हिशेब मी त्याही क्षणी केला. म्हातारबांनी खणखणीत दगड बाबांच्या हातात ठेवला. पैसे घेईनात. मग मी तो पाटाच विकत घेतला, जो वहिनीच्या मॉड्युलर किचनमध्ये कुठेच मावत नाही आणि हल्ली बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. दगड मात्र आमच्याबरोबर घुग्घुसला आला. गाडीत बाबांनी तो उशाशी ठेवला होता.

परवा भावाचा फोन आला. त्याच्या ऑफिसातल्या कुणाला जुना पाटा टाकी लावून हवा होता, म्हणून तो टपरीवर फोन करणार होता. "म्हातारबांचं नाव काय ग?"

दीड तास बसलो होतो. मी नाव विचारलंच नव्हतं. शेजारी बाबा पेपर वाचत होते, त्यांना विचारलं.

"शिलाई मशीन," ते म्हणाले, आणि पान उलटलं.