हाताची पेरं गादीला टेकली नव्हती

संध्याकाळच्या गर्दीत हार्बरच्या गाडीतून पडलेला २२ वर्षांचा मुलगा रेल्वे पोलिसांनी आमच्या कॅज्युअल्टीत आणला. शुद्धीवर होता. नाडी ११२, बीपी ११०/७०, पोट मऊ. “मॅडम, डावा खांदा फार दुखतोय. झोपलं की जास्तच.” पडताना खांद्यावर आपटला असेल असं धरून मी एक्स-रे लिहिला.

मग फास्ट केली, म्हणजे आत कुठे रक्त सांडलंय का ते बघायची झटपट सोनोग्राफी. उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंडामधली फट, डावीकडे प्लीहेभोवती, ओटीपोटात, हृदयाभोवती. सोनोग्राफीत सांडलेलं ताजं रक्त काळं दिसतं. काळं कुठेच दिसलं नाही. डावीकडचं चित्र बरगड्यांच्या सावलीत अर्धं झाकलं होतं, तरी मी ‘निगेटिव्ह’ लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. ‘डावी बाजू नीट दिसली नाही’ असं लिहायला हवं होतं.

वीसेक मिनिटांनी सिस्टरनी हाक मारली. “मॅडम, याच्या कपाळाला हात लावून बघा.” गार, चिकट घाम. नाडी १३४. पायाशी उभी असलेली आई विचारत होती, “सारखं पाणी मागतोय, देऊ का?” तो परत खांद्याचंच बोलला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. डायफ्रामखाली, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली, रक्त साठलं की दुखणं खांद्यात जाणवतं. दोघांच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात.

प्लीहा मागे आणि वर, बरगड्यांच्या आड असते. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, इतका मागे न्यावा लागतो की हाताची पेरं गादीला टेकतात. पहिल्या वेळी माझी टेकली नव्हती. आता टेकवली, त्याला श्वास रोखायला सांगितलं. डायफ्राम आणि प्लीहेच्या मधे काळी चंद्रकोर. उजवीकडे प्रोब ठेवला तर मघाशी कोरड्या असलेल्या फटीतही काळी रेघ उतरली होती.

सीटी दुसऱ्या इमारतीत, आणि बीपी ८४ वर आलेलं. सर्जननी स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि त्याला सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं. ब्लड बँकेकडे सिस्टर स्वतः धावल्या. प्लीहा फाटली होती, काढावी लागली.

डिस्चार्जच्या दिवशी त्याच्या आईला मीच जवळ बसवून सांगितलं: प्लीहा नसली की जंतुसंसर्ग पटकन बळावतो, म्हणून त्यासाठीच्या या लसी चुकवू नका, आणि याला ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघू नका. त्याच दिवशी घेऊन या, रात्र असली तरी.