मालकाचं दिवाळं निघालं, प्रा. लि. कंपनीचं काय?

चाकणला वर्कशॉप, संचालक नवरा-बायको, ९० टक्के शेअर नवऱ्याच्या नावावर. वैयक्तिक कर्जापायी तो नादार (दिवाळखोर) ठरला की घेणेकऱ्यांचा डोळा पहिला जातो मशीनवर. पण मशीन कंपनीची. त्याच्या हातउसन्या रकमेपोटी तिला हात लावता येत नाही. घेणेकऱ्यांच्या वाट्याला येतात ते त्याचे शेअर.

पुण्यात एखाद्याला नादार ठरवायच्या अर्जाला अजून १९२० चाच नादारी कायदा लागतो (मूळ कायद्यात ५०० रुपयांचं कर्ज पुरतं!). मुंबई शहरात १९०९ चा. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता (आयबीसी) व्यक्तींपैकी फक्त कंपनीकर्जाच्या हमीदारांना लागू आहे, १ डिसेंबर २०१९ पासून.

कोर्टाचा आदेश झाला की शेअर रिसीव्हरकडे (नादाराची मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे) जातात, आणि तेही अर्ज केल्याच्या तारखेपासून. आदल्या दोन वर्षांत मोबदला न घेता बायकोच्या नावावर केलेले शेअर कोर्ट परत ओढू शकतं. कंपनीच्या नेहमीच्या नियमावलीत रिसीव्हरला लाभांश मिळतो, पण सभासद म्हणून नोंद होईपर्यंत सभेत मत नाही. विकायला काढले तरी बाहेरचा माणूस छोट्या कंपनीचे शेअर सहसा घेत नाही.

खरी अडचण संचालकपदाची. कंपनी कायद्याच्या (२०१३) कलम १६४ आणि १६७ प्रमाणे नादाराचं पद आपोआप रिकामं होतं. माहीत असून सही करत राहिला तर दंड १ ते ५ लाख. आता बायको एकटी उरते, आणि संचालक मंडळाची गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) किमान दोघांची. कलम १७४ तिला दोनच गोष्टी करू देतं: गणपूर्तीपुरता संचालक नेमणं किंवा सभासदांची सभा बोलावणं. म्हणून आधी डीआयएन (संचालक ओळख क्रमांक) असलेल्या माणसाची डीआयआर-२ फॉर्मवर संमती घ्या, नेमणूक करा, ३० दिवसांत नेमणूक कळवणारा डीआयआर-१२ फॉर्म भरा आणि मगच बँकेतल्या सह्या बदला. हा क्रम चुकला की पगाराचे चेक अडकतात.

कंपनीच्या माल पुरवठादारांनी आपली कागदं उघडावीत. मालकाची वैयक्तिक हमी नसेल तर नादारीच्या रांगेत त्यांना जागा नाही; त्यांचा दावा कंपनीवर, आणि तो शाबूत आहे. हमी असेल तर दोन्हीकडे. बँकेकडे हमी बहुतेक असतेच, शिवाय हमीदाराची नादारी म्हणजे थकबाकी, असं कलम करारात असलं तर नियमित हप्ते भरणाऱ्या कंपनीचंही कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) परत मागितलं जाऊ शकतं.

ताळेबंदात संचालकाचं कंपनीला दिलेलं कर्ज दिसत असेल तर तेही रिसीव्हरचं. तो ते वसूल करायला येणार. उलट संचालकानेच कंपनीतून पैसे उचलले असतील तर कंपनी त्याच्या घेणेकऱ्यांपैकी एक, आणि तिने दावा वेळेत दाखल करायला हवा. तिथेच गाडी अडते, कारण दावा भरायचा कोणी, हे मंडळ पूर्ण होईपर्यंत ठरतच नाही.