तिथीची पाऊणपट आणि जेटीवरचे दोन तास : माझा अनुभव

मुंबईहून मोटरसायकलवर एकट्याने कन्याकुमारीला निघालात आणि किनाऱ्याचा रस्ता धरलात, तर पहिल्याच दिवशी गाडी तीनदा पाण्यावर चढते. भाऊच्या धक्क्याहून मांडवा, मग आगरदांड्याहून दिघी, आणि सावित्रीच्या खाडीत बागमांडल्याहून वेसवी. मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, तासाभरात पोचवते, तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवावं. पुढे अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, मुरूड यांत अडण्यासारखं काही नाही. फक्त काशीदच्या आसपास रस्त्यावर सुरूच्या काड्या साचतात, त्यांच्यावर वळणात ब्रेक लावू नये. टायर भुश्शावर घसरावा तसा सरकतो.

मी अडकलो एका जेटीवर. कुठल्या ते लिहीत नाही. जानेवारीतला रविवार, पौर्णिमा. पावणेपाचला पोचलो आणि पावणेसातला बोटीवर चढलो. खिडकीवर लावलेल्या वेळापत्रकाप्रमाणे त्या दोन तासांत दोन फेऱ्या सुटायला हव्या होत्या, एकही सुटली नाही. चौकशी केली की "पाणी गेलंय, थांबा" एवढंच उत्तर. किती वेळ, ते कोणी सांगेना. मागे चारचाकींची रांग वाढत गेली, खिडकी मध्येच बंद झाली. दुचाकींनी बाजूने पुढे यायचं की रांगेतच राहायचं, हेही दोन माणसांनी दोन तऱ्हांनी सांगितलं. याचा राग अजून गेलेला नाही. कारण पाणी कधी जाणार हे त्या खाडीवरच्या प्रत्येक कोळ्याला आदल्या दिवशीच ठाऊक असतं. खिडकीजवळ एक फळा टांगून त्यावर रोजच्या सुकतीची, म्हणजे पूर्ण ओहोटीची, वेळ खडूने लिहिली असती, तर माझ्यासकट निम्मे लोक दुपारीच पार झाले असते.

तो हिशेब असा. चालू पंधरवड्याची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळी वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण सुकती. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. मिनिटांचा फरक पडतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. त्या दिवशी पौर्णिमा, पंधरावी तिथी, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि सुकती साडेपाचच्या सुमारास. मी पोचलो तेव्हा पाणी उतरतच होतं. त्यात पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती जेवढी वर चढते, तेवढंच पाणी ओहोटीला खाली जातं. रायगडच्या खाड्यांमध्ये हा फरक रत्नागिरीपेक्षा मोठा. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं, तेव्हा सुकतीच्या वेळीही बोटीचं फारसं अडत नाही. म्हणून निघायचा दिवस तुमच्या हातात असेल तर अष्टमीच्या पुढेमागे निघा. ते जमत नसेल, तर उधाणाच्या दिवसांत खाड्या दुपारच्या भरतीभोवती गाठा. संध्याकाळची शेवटची फेरी धरू नका.

उशीर एकवेळ सोसता येतो. खरा धोका उतारावर असतो. जेटीचा सिमेंटचा उतार पाण्याच्या बाहेर जितका जास्त उघडा पडतो, तितका खालचा भाग शेवाळलेला निघतो, कारण तो एरवी पाण्याखालीच असतो. वरचा भाग कोरडा आणि खरखरीत, तिथे गाडी बिनघोर जाते. त्याचा भरवसा धरून खाली तसंच जायला गेलं की चाक निसटतं. शेवाळावर पुढचा ब्रेक अजिबात धरायचा नाही. पहिला गिअर, क्लच सोडलेला, मागचा ब्रेक हलका, आणि हँडल सरळ. तिरकं उतरू नका. पाय टेकायचा मोह होतो, तो आवरा. शेवाळावर बुटाची पकड टायरपेक्षाही कमी असते, आणि ३५० सीसीची गाडी सामानासकट दोनशे किलोच्या वर जाते, ती पायावर तोलता येत नाही. बोटीची लोखंडी फळी आणि सिमेंट यांच्यामध्ये सांधा असतो, कधी चार बोटांची पायरीही असते. ती सरळ रेषेत, सारख्या थ्रॉटलवर ओलांडायची. पुढचा माणूस पूर्ण वर चढेपर्यंत उतारावर उतरायचंच नाही, कारण मध्ये थांबावं लागलं तर गाडी पडलीच म्हणून समजा. तेवढाही भरवसा वाटत नसेल तर खलाशाला हाक मारा, मागे एक माणूस धरायला असला की पुरे. माझ्या मागे एकजण आला, आणि त्याचे आभार मी दोनदा मानले.

बोटीवर गाडी साइड स्टँडवर, इंजिन बंद, पहिल्या गिअरमध्ये. पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबून तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, म्हणजे ब्रेक लागलेला राहतो. बोट किनाऱ्याला टेकताना जो धक्का बसतो त्यात गाड्या पुढे सरकतात. म्हणून शेजारीच उभं राहायचं, समुद्र बघायला वर जायचं नाही. उतरण्याआधी पट्टी आठवणीने काढा.

हे आधी सांगायला हवं होतं: मागे लादलेलं जड सामान चढावर पुढचं चाक हलकं करतं. हत्यारं, सुट्या ट्यूब, पाणी असं वजन सीटला लागून आणि खाली बांधा, कपडे मागे. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, एक-दोन खाचा वाढवून घ्या. स्पोकच्या चाकांत सहसा ट्यूब असते, म्हणून दोन्ही चाकांच्या ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पंप जवळ हवेतच. रविवारी संध्याकाळी पंक्चरवाला मिळेल हे गृहीत धरू नका. रोख पैसे दहा-वीसच्या नोटांत ठेवा, खाडीकाठी नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही. त्याच कारणाने पुढच्या टप्प्याचा नकाशा आधीच उतरवून घ्या. पेट्रोल अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन अशा गावांत भरायचं, टाकी निम्मी झाली की.

अंधार पडल्यावर मी फार हळू गेलो. जांभ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या वाडीतल्या रस्त्यांना कडेला जागा नसते, समोरून एसटी आली की थांबून तिला जाऊ द्यावं. वळणांवर लाल माती आणि बारीक खडी असते, हेडलाइटमध्ये ती रस्त्यासारखीच दिसते.

मुक्कामी पोचल्यावर गाडीवर गोड्या पाण्याच्या चार बादल्या ओता. चेन, स्पोक, मडगार्डच्या आतली बाजू सगळं धुतलं गेलं पाहिजे. जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर मारू नका, पाणी आत शिरतं. चेन पुसून, कोरडी झाल्यावर तेल द्या. सकाळी ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी गंज दिसेल. खाऱ्या हवेत तो एका रात्रीत धरतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकांत साफ होतो. तेवढे ब्रेक अंगणातच मारून घ्या, मग रस्त्याला लागा.