प्रकटीकरण गटात वाचताना: सुरुवात तेराव्या अध्यायापासून नको

बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, याचा गटात अभ्यास करायचं ठरलं की पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी तेरावा अध्याय उघडतं, तिथल्या श्वापदाच्या ६६६ या आकड्याची चर्चा सुरू होते आणि गट महिनाभर तिथेच अडकतो. त्याऐवजी पहिल्या अध्यायाचं तिसरं वचन बघा. धन्य कोण? वाचून दाखवणारा एक आणि ऐकणारे अनेक. हे योहानानं सात मंडळ्यांना (ख्रिस्ती समुदायांना) पाठवलेलं पत्र आहे, सभेत मोठ्यानं वाचण्यासाठी लिहिलेलं. म्हणून पहिल्या बैठकीत चर्चा अजिबात नको. बावीसही अध्याय सलग वाचा. चौघांनी आळीपाळीनं वाचलं तर साधारण दीड तास लागतो. बाकीच्यांनी बायबल मिटून फक्त ऐकायचं. शिक्के, कर्णे, वाट्या असे सातसातचे फेरे कानाला आपोआप कळतात. नुसतं डोळ्यांनी वाचताना ते सुटून जातात.

नागपुरात एक अडचण हमखास येते. सदर असो की मोहननगर, गटात निम्म्या लोकांच्या हातात मराठी बायबल असतं आणि निम्म्यांच्या हातात हिंदी. मराठीतलं ‘श्वापद’ हिंदीत ‘पशु’ होतं, ‘कोकरा’ ‘मेम्ना’ होतो, पुस्तकाचं नावच ‘प्रकाशितवाक्य’ होतं. मोठ्यानं वाचायला एकच भाषांतर ठरवा आणि असे दहा-बारा शब्द फळ्यावर समोरासमोर लिहून ठेवा. नाहीतर प्रत्येक बैठकीतली दहा मिनिटं त्यातच जातात.

दुसऱ्या आठवड्यापासून जुना करार शेजारी उघडा हवाच. योहान तिथली वाक्यं जशीच्या तशी उतरवत नाही, पण जवळजवळ प्रत्येक चित्र तिथून घेतो. तेराव्या अध्यायातलं श्वापद घ्या. चित्त्यासारखं अंग, अस्वलाचे पाय, सिंहाचं तोंड. आता दानीएल ७ काढा: चार साम्राज्यांची चार श्वापदं, आधी सिंह, मग अस्वल, मग चित्ता, शेवटी एक बिननावाचं. पहिल्या तिघांचा क्रम बरोबर उलटा. आता डोकी मोजा. सिंहाचं एक, अस्वलाचं एक, चित्त्याची चार, चौथ्या श्वापदाचं एक. झाली सात. चौथ्याला शिंगं दहा. सात डोकी, दहा शिंगं: योहानानं चारही साम्राज्यं एका देहात कोंबली आहेत. ही बेरीज गटाला वहीत करू द्या, तुम्ही सांगून टाकू नका. एकदा हे हाताखालून गेलं की बातम्यांतल्या नेत्यांची नावं श्वापदाला चिकटवायची घाई आपोआप कमी होते.

काळ्या घोड्याचंही तसंच (६:५-६). स्वाराच्या हातात तराजू, आणि भाव असा की दिवसभराच्या मजुरीत एका माणसापुरते एका दिवसाचे गहू. बायको-मुलं उपाशी. जव घेतले तर तिप्पट मिळतात. इथे गटातल्या कुणाला तरी आजची मजुरी आणि कळमना बाजारातला गव्हाचा भाव विचारा, दिवसाच्या मजुरीत आज किती किलो येतात ते काढा. भाव किती चढला होता ते लगेच समजतं, शिवाय त्याच वचनातलं ‘तेल-द्राक्षारसाला धक्का लावू नको’ हे वाक्यही खुपायला लागतं.

आकड्यांसाठी फार वेळ नको. ४२ महिने, १२६० दिवस आणि साडेतीन काळ हा एकच काळ आहे, ३० दिवसांचा महिना धरून. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, आणि ‘नेरोन कैसर’ (रोमी सम्राट नीरो) या अक्षरांची बेरीज ६६६ येते. शेवटचा ‘न’ गळला तर ६१६ येतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरंच ६१६ आहे. एवढं सांगून पुढे जा. ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्द या पुस्तकात कुठेच नाही, तो योहानाच्या पत्रांत आहे, हेही त्याच दिवशी सांगा.

मोबाइलवर आलेले शेवटच्या काळाचे व्हिडिओ बैठकीत लावायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा. मध्येच सांगितला तर पाठवणाऱ्याला लागतं आणि तो यायचा थांबतो.

साधारण बारा बैठका धरा. दोन्ही साक्षी, सूर्य पांघरलेली स्त्री, बाबेल यांना प्रत्येकी एक पुरते. विसाव्या अध्यायावर मात्र भांडण ठरलेलं. ख्रिस्ताच्या राज्याची ‘हजार वर्षं’ फक्त सहा वचनांत येतात (२०:२-७), पण ख्रिस्त त्याआधी येणार, नंतर येणार की तो काळ प्रतीकात्मक आहे, यावर जुन्या मंडळ्याही एकमताच्या नाहीत. तिन्ही मतं एका कागदावर लिहून आणा, प्रत्येकाला वीस मिनिटं द्या, आणि पुढच्या आठवड्यात २१ वा अध्याय उघडा, जिथे नव्या यरुशलेम नगरीच्या वेशी दिवसा कधीच बंद होत नाहीत आणि रात्र तर तिथे नसतेच.