लाल पेन

क्रूरतेच्या ग्राउंडवर डिव्होर्स पाहिजे म्हणून कुणी बाई ऑफिसात आली की आम्ही वकील लोक पहिले ठरलेले प्रश्न विचारतो, मारहाण झाली का, मेडिकल पेपर आहेत का, पोलिसात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार) केली का. हिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. नवरा दारू पीत नाही, हात उचलत नाही, बाहेर भानगड नाही, पर्मनंट नोकरी, त्यामुळं माहेरचेच म्हणत होते एवढ्यावर कुणी संसार मोडतं का. तिने पिशवीतून वह्या काढून टेबलावर ठेवल्या, किराणा लिहितो ना आपण तसल्या, शंभरपानी.

(ओळख पटेल असे तपशील बदललेत, हे खटले बंद दाराआड चालतात, हिंदू विवाह कायदा, कलम २२.)

रोज रात्री जेवणं आटपली की दिवसाचा खर्च लिहून वही नवऱ्यापुढं ठेवायची, तो लाल पेन घेऊन तपासणार. कोथिंबीर १० रुपये, शेजारी लाल अक्षरात 'परवा ५ ला होती, खुलासा करा'. पॅडचं पाकीट, शेजारी 'दर महिन्याला लागतंच का?' आईला फोन २० मिनिटं, 'विषय काय होता'. खाली सही आणि तारीख. हिशोब जुळला नाही की दुसऱ्या दिवशीचे पैसे बंद, पोरीच्या दुधाचेसुद्धा.

आमच्याकडे फॅमिली कोर्ट नाही, मॅटर दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात चालतं. त्याच कायद्याच्या १३(१)(आयए) खाली, म्हणजे क्रूरतेच्या कारणावर, पिटिशन टाकलं. १९७६ च्या आधी क्रूरतेवर हिंदू कायद्यात फक्त न्यायिक फारकत (लग्न कायम, पण वेगळं राहायची मुभा) मिळायची, घटस्फोट नाही, हे आता बऱ्याच ज्युनियर लोकांनाही माहीत नसतं. समोरचे वकील जुने आणि हुशार, तिच्या उलटतपासात त्यांनी बरोबर दुखरी जागा धरली. ती मधे एकदा माहेरी निघून गेली होती आणि दिवाळीला परत नांदायला आली होती. म्हणजे तुम्ही झालं गेलं माफ केलं, बरोबर ना? हा प्रश्न साधा वाटतो पण कलम २३ प्रमाणे क्रूरता माफ केली असेल तर केस तिथंच बसते. १९७५ च्या दास्ताने केसमध्ये नेमकं हेच झालं, पुण्याचं प्रकरण, सुप्रीम कोर्टानं बायकोची क्रूरता सिद्ध धरली पण नवऱ्याने ती माफ केली होती म्हणून तो हरला. माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "साहेब, वडलांची बायपास झालेली, धाकटीचं लग्न ठरलेलं. माफबिफ नाही केलं, जायला दुसरं घर नव्हतं." तरी मी नुसतं तिच्या उत्तरावर विसंबले नसते, पण त्याच दास्तानेत म्हटलंय की माफी सशर्त असते, पुन्हा तसंच वागलं तर मागचं सगळं जिवंत होतं, आणि दिवाळीनंतरच्या वह्या होत्याच.

मग त्याची पाळी. कैफियतीत, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी उत्तरात, त्याने वह्या नाकारल्या होत्या, बनावट आहेत म्हणून, त्यामुळं मी हस्ताक्षर तज्ज्ञाच्या अर्जाची तयारी करूनच गेले होते. वही हातात दिली आणि विचारलं हे लाल अक्षर कुणाचं. त्याचे वकील मान हलवत होते पण त्याने तिकडं बघितलंच नाही, चष्मा लावला, पानं उलटली आणि चक्क म्हणाला, "माझंच आहे. घरात शिस्त नको का?" बनावट म्हणून तुम्ही लिहून दिलंय ना? "ते वकिलांनी लिहिलं." जज साहेबांनी वही मागून घेतली आणि बराच वेळ वाचत बसले, तेवढ्यात हा पिंजऱ्यातून सांगतोय की पान अमुक बघा, त्यात तिची बेरीज चुकली होती. स्टेनो टाइप करायची थांबली.

मला त्या माणसाचा राग नाही आला खरं तर. तो खोटं बोलत नव्हता, त्याला मनापासून वाटत होतं आपण संसार नीट चालवला. कायद्याला छळायचा हेतू सिद्ध करून लागत नाही म्हणून बरं, नाहीतर असली माणसं कायम सुटली असती.

बाहेर व्हरांड्यात समोरचे वकील म्हणाले, मॅडम, म्युच्युअल करून टाकू. मी सुद्धा तिला तेच सांगितलं, दोघांच्या संमतीने घटस्फोट घे, वेळ वाचतो, अपिलाची कटकट नाही, माझा सल्ला बहुतेकांना हाच असतो. तिने विचारलं, म्युच्युअलमध्ये कारण काय लिहितात? म्हटलं, पटत नाही म्हणून वेगळे होतोय. "मग नको," म्हणाली.

घटस्फोटाची डिक्री झाली. त्याने जिल्हा न्यायालयात अपील केलंय, पहिलाच मुद्दा हा की वह्यांचा अर्थ चुकीचा लावला. मधे तिने वह्यांच्या झेरॉक्स मागितल्या. म्हटलं आता कशाला, तर पोटगीच्या अर्जासाठी. रजनेश विरुद्ध नेहा, सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल, त्यानंतर दोघांनाही उत्पन्न-खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि घर चालवायला महिन्याला किती लागतं हे तिच्याकडे रुपया न् रुपया लिहिलेलं आहे, वर त्याच्या सहीने तपासलेलं.