जुनी ४०७ मिस मारायला लागली तर आधी पंप खोलू नका

आमच्याकडं टाटा ४०७ आहे, बाबांच्या वेळची, अजून रोज कामावर असते. बेळगावातनं भाजी भरायची आणि जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीला जायचं, हे तिचं काम. यंदा पाऊस सरता सरता ती मिस मारायला लागली, म्हणजे डिझेल नीट न पेटता इंजिन अडखळायला लागलं. सकाळी सेल्फ लई वेळ मारावा लागायचा, स्टार्ट झाली तरी आयडलला, म्हणजे रेस न देता चालू ठेवली की, नुसती धडधड, आरशात मागचं काही दिसेना एवढी थरथर, आणि सायलेन्सरमधनं पांढरा धूर, त्याला कच्च्या डिझेलचा डोळ्याला झोंबणारा वास. रेस दिली की जरा सुधारायची. पण परत येताना घाट चढताना मधेच दम सोडायची, परत पकडायची, परत सोडायची. टाकीत डिझेल अर्ध्याच्या खाली गेलं की हे सगळं जास्तच व्हायचं.

ज्याला विचारावं तो सांगतोय पंप गेला, म्हणजे नोझलला जोरात डिझेल देणारा मोठा पंप. एका वर्कशॉपमध्ये तर गाडी स्टार्ट करून न बघताच पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल कॅलिब्रेशनला, म्हणजे मशिनवर तपासून जुळवायला, पाठवा म्हणाले. या गोष्टीचा मला खरंच राग येतो, कारण जुन्या गाड्या ज्यांच्याकडं आहेत त्यांच्यासाठी पंपाचा खर्च म्हणजे महिन्याचा हप्ता चुकणं असतं. पंप खराब होतो, नाही असं नाही, पण तो सगळ्यात शेवटी बघायचा.

आधी एवढं ठरवा, मिस एकाच सिलिंडरचा आहे की सगळ्यांचा. आमच्या जुन्या मॉडेलला इनलाइन पंप आहे, म्हणजे पंपातनं प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाइप जातो. गाडी आयडलला ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा ढिला करायचा, आवाज ऐकायचा आणि परत कसायचा. चालू सिलिंडरचा नट ढिला केला की इंजिनचा आवाज लगेच बसतो. ज्याचा ढिला करूनही काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. मग त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा, मिस नोझलबरोबर तिकडं गेला तर दोष नोझलचा, आणि जागेवरच राहिला तर टॅपेट, वॉल्व्ह, कॉम्प्रेशन अशा मोठ्या गोष्टी बघाव्या लागतात. हे करताना नटावर फडकं टाका आणि डोळ्याला चष्मा लावा, आणि तिथं बोट कधीच धरू नका. त्या प्रेशरचं डिझेल कातडीच्या आत घुसतं, वरनं टाचणी टोचल्याएवढंच दिसतं पण हात जायची वेळ येते. असं काही झालंच तर दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आमच्या गाडीत कुठलाही नट ढिला केला तरी आवाज तेवढाच बसत होता, म्हणजे चारही सिलिंडर काम करत होते. आणि मिसला ताल नव्हता, कधी लागोपाठ, कधी बराच वेळ नाहीच. असं असेल तर दोष चौघांना मिळून जे येतं त्यात, म्हणजे डिझेलमध्ये. फिल्टरखालचा ड्रेन सोडून बघितला, पावसाळ्यात पाणी येतंच, थोडं निघालं पण एवढ्यानं धडधड जाण्यासारखं नव्हतं.

मग ऑटोनगरातले जुने मिस्त्री, त्यांना आम्ही सगळे अण्णाच म्हणतो, त्यांच्याकडं नेली. त्यांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि कानडीत म्हणाले, "गाळी एळियाकत्तैती." हवा ओढतेय. मी म्हटलं, "अण्णा, पण लाइन कुठंच ओली नाही की वो." त्यावर त्यांनी जे सांगितलं ते सगळ्या ड्रायव्हर लोकांना कळायला पाहिजे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतनं डिझेल ओढून पुढं देणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची, लाइन ओढीवर असते, तिथं फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या पुढं प्रेशर असतं, तिथली फट मात्र ओली दिसते. म्हणून ओढीची लाइन कोरडी आहे म्हणजे ती चांगली आहे असं नाही. आणि टाकीतली पातळी खाली गेली की ओढ वाढते, हवा जास्त शिरते, आमची गाडी अर्ध्या टाकीला का बिघडायची ते तिथं समजलं.

त्यांनी फिल्टर आणि मोठ्या पंपाच्या मधे हातभर पारदर्शक पाइप लावला. त्यातनं बुडबुड्यांची माळ जाताना स्वच्छ दिसत होती, आणि मोठा बुडबुडा गेला की मागोमाग इंजिन ठेचकाळायचं. मग फीड पंपाची नळी टाकीपासनं सोडवून वर टांगलेल्या डिझेलच्या कॅनमध्ये घातली. जरा वेळात बुडबुडे बंद आणि आयडल एकदम शांत! म्हणजे पंप ठीक, नोझल ठीक, दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच.

चॅसीच्या कडेनं जाणारा रबरी होजचा तुकडा होता, वरनं बघितला तर धड, पण क्लिपच्या जवळ वाकवला की बारीक बारीक चिरा तोंड उघडायच्या. शिवाय फीड पंपाला नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, म्हणजे बँजो बोल्टचे, तांब्याचे वॉशर दबून एका बाजूला पातळ झालेले. होज नवा टाकला, डिझेलचाच, पाण्याचा पाइप तिथं चालत नाही, तो फुगतो. वॉशर नवेच घातले. जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले तर तांबं परत मऊ होतं, अण्णा अडचणीला तसं करतात, पण एवढा पातळ झालेला वॉशर तसा करूनही बसत नाही.

मग एअर काढली, म्हणजे लाइनीत अडकलेली हवा, आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करून फीड पंपावरचा हातपंप मारत राहायचं, फेस जाऊन सलग डिझेल आलं की कसायचा, मग मोठ्या पंपाचा स्क्रू तसाच. यात घाई केली तर हवा राहते आणि माणूस परत पंपालाच दोष देतो. आणि कुणी आयडल वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणा, त्यानं धडधड झाकते, हवा आत जायची ती जातेच.

आता भरल्या गाडीनं चोर्ला चढताना तिसऱ्या गियरमध्ये सलग ओढते, सकाळी सेल्फ लागला की लगेच स्टार्ट. पारदर्शक पाइप मात्र तपासून झाल्यावर काढून टाकलाय. तो डिझेलनं आणि इंजिनच्या गरमीनं कडक होतो, तडकतो, आणि तिथनंच परत गळती सुरू होते.