संत डेव्हिडच्या वाटेवरचे किल्ले आणि बिशपांचे वाडे

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या सेंट डेव्हिड्सच्या दोन यात्रा रोमच्या एका यात्रेच्या तोडीच्या आहेत, असे 12 व्या शतकात पोप कॅलिक्स्टस दुसरे यांनी ठरवले, अशी परंपरा आहे. आळंदी ते पंढरपूर पायी चाललेल्या मला या यात्रेची ओढ होती. पण सहाव्या शतकातल्या ज्या संत डेव्हिडने भाकरी, भाजी आणि पाणी यांवर दिवस काढले, त्याच्या वाटेवर एवढे राजवैभव का उभे राहिले, हा प्रश्नही सोबत होता.

मॅनॉर्बियरच्या किल्ल्यापासून मी चालायला सुरुवात केली. 1146 च्या सुमारास इथेच जन्मलेला जेराल्ड हा धर्मपंडित सेंट डेव्हिड्सच्या बिशपपदासाठी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाच्या पदासाठी, वर्षानुवर्षे झगडला आणि त्याला ते मिळाले नाही. त्या पदाला केवढे मोल होते, हे पुढे लॅम्फीला कळते. मासे पाळण्याची तळी, फळबागा आणि हरणांचे राखीव रान असलेला हा बिशपांचा विश्रांतीचा वाडा आज छपराविना उभा आहे. पेम्ब्रोकचा किल्ला मात्र निव्वळ सत्तेचा. विल्यम मार्शल या सरदाराने 1200 च्या सुमारास बांधलेला त्याचा गोल बालेकिल्ला सुमारे 24 मीटर उंच आहे, आणि ट्यूडर घराण्याचा पहिला राजा सातवा हेन्री 1457 मध्ये याच किल्ल्यात जन्मला.

तिथून न्यूगेलपर्यंतचे अंतर मी बसने कापले आणि पुन्हा कड्यावरची पायवाट धरली. सॉल्वा ओलांडल्यावर पोर्थ इ रॉ येथे लोहयुगातला किल्ला लागतो. समुद्राकडून कड्याचे आणि जमिनीकडून मातीच्या बांधांचे संरक्षण, अशी त्याची रचना. पण त्याचा बराच भाग आता समुद्राने गिळला आहे. पुढे कायरबुडीच्या खाडीत जांभळट वालुकाश्म दिसतो. सेंट डेव्हिड्सच्या कॅथेड्रलसाठी, म्हणजे बिशपाच्या मुख्य चर्चसाठी, दगड इथूनच नेला, हे आठवले की खाडीपासूनच आपण देवळाच्या आवारात चालत आहोत असे वाटते. संताची आई नॉन हिच्या नावाच्या झऱ्यावर मी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. डेव्हिडच्या जन्माच्या वेळी हा झरा फुटला, असे भाविक मानतात.

कॅथेड्रल दरीत आहे, त्यामुळे ते अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. त्याच्याशेजारी, ॲलन नदीपलीकडे बिशपांचा वाडा आहे, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. 1328 ते 1347 या काळात बिशप असलेल्या हेन्री द गोवर याने इथे भव्य दिवाणखाना उभारला. त्याच्या पूर्वेकडील भिंतीतली चाकाच्या आकाराची खिडकी आणि कठड्याखालच्या कमानींची रांग, तिच्यातल्या जांभळ्या व फिकट दगडांच्या चौकटींसह, आजही लक्ष वेधून घेते. बिशपाच्या नेहमीच्या वापराचा दिवाणखाना वेगळा होता. हा मोठा दिवाणखाना दूरवरून येणाऱ्या मानाच्या पाहुण्यांसाठी होता. यात्रेमुळे या स्थानाची कीर्ती आणि मिळकत वाढली, आणि थोरामोठ्यांचा पाहुणचार हे बिशपाचे काम बनले. या वाड्यात मला तरी दिमाखाइतकीच यात्रेची व्यवस्था दिसली.

त्याचा ऱ्हासही यात्रेशीच जोडलेला आहे. ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या काळात, 1538 मध्ये, बिशप बार्लो याने संताच्या समाधीवरचे अलंकार आणि अवशेष काढून घेतले, यात्रा थंडावली आणि वाड्याचे प्रयोजनच संपले. छपराचे शिसेही त्यानेच उतरवले, असे म्हणतात. समाधीचे स्थान मात्र 2012 मध्ये नव्या चित्रांनी पुन्हा सजवले गेले. मी तिथे पोहोचले तेव्हा पाठीवर पिशव्या आणि बुटांना चिखल असलेले काही यात्रेकरू आधीच गुडघे टेकून बसले होते, आणि मीही त्यांच्या रांगेत बसले.